जुन्या सॉफ्टनरमधून लोहमुक्त पाणी
टाकी तीच, गाळणमाध्यम नवे. मात्र फ्लोराइडची तपासणी अनिवार्य

चंद्रपूर, प्रतिनिधी - कूपनलिकेतून काढलेले पाणी प्रथम नितळ दिसते. रात्रभर भांड्यात राहिले की तळाशी तांबूस गाळ साचतो. चहा काळपट होतो, भाताला पिवळट झाक येते आणि पांढरे कपडे काही धुण्यांतच विटकरी दिसू लागतात. लोहयुक्त पाण्याच्या या खुणा चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांतील अनेक घरांना परिचित आहेत. अशा घरांसाठी वापरातून बाद झालेले सॉफ्टनर, म्हणजेच जलमृदूकरण यंत्र, उपयोगी ठरू शकते. त्याची टाकी कायम ठेवून आतील माध्यम बदलले की लोह गाळणारे यंत्र तयार होते. तथापि, हा बदल पाण्याची तपासणी न करता केल्यास पैसा वाया जातो आणि नितळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी असा घातक गैरसमज घरात रुजतो.

लोह येते कोठून?

या भूभागाचे लोहाशी नाते जुने आहे. लोहारा येथील लोहखनिजावरील फॉन श्वार्झ यांच्या १८८२ च्या अहवालाने जमशेटजी टाटा यांचे लक्ष तत्कालीन चांदा जिल्ह्याकडे वेधले होते. १९८२ मध्ये चांद्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडचे खनिजही सर्वज्ञात आहे. मात्र डोंगरातील खनिज थेट पाण्यात विरघळत नाही. जमिनीखाली प्राणवायू कमी असलेल्या थरांत खडक व मातीतील लोह विरघळलेल्या रूपात पाण्यात उतरते. हे पाणी वर येऊन हवेच्या संपर्कात आले की त्याच लोहाचा तांबूस गाळ बनतो.

काही ठिकाणी दोष भूजलाचा नसून हातपंपाच्या गंजलेल्या लोखंडी नळांचा असतो. सकाळच्या पहिल्या बादल्या लाल आणि काही वेळ उपसा केल्यावर पाणी निवळत असेल, तर नळ तपासावेत. बराच उपसा करूनही लोहाचे प्रमाण कायम राहिल्यास ते भूजलातीलच समजावे.

भारतीय मानक १०५०० मध्ये २०१५ च्या दुरुस्तीनंतर पिण्याच्या पाण्यातील लोहाची मर्यादा लिटरला १ मिलीग्रॅम आहे. कपड्यांवर व भांड्यांवर डाग पडण्यास मात्र ०.३ मिलीग्रॅमच्या पुढचे प्रमाणही पुरेसे होते.

सॉफ्टनर तसाच का चालत नाही?

सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात, त्या बदल्यात सोडियम सोडतात आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा कार्यक्षम होतात. विरघळलेले थोडे लोहही ते धरतात; परंतु गाळ झालेले लोह मण्यांवर चिकटून बसते आणि रेझिन निकामी होते.

म्हणूनच बदलापूर्वी पाण्याचा मूळ दोष ओळखणे आवश्यक आहे. राजुरा-कोरपना हा चुनखडीचा, सिमेंट कारखान्यांचा पट्टा. पाण्याची मुख्य तक्रार जडपणाची असेल तर रेझिन काढल्यावर तो जडपणा पुन्हा जाणवेल. लोह आणि जडपणा दोन्ही जास्त असल्यास आधी लोहगाळणी व त्यानंतर सॉफ्टनर असा क्रम ठेवावा लागतो.

रूपांतराची रीत

प्रथम टाकीचा इतिहास विचारावा. कारखान्यात रसायनांसाठी वापरलेली टाकी पिण्याच्या पाण्यासाठी कदापि घेऊ नये. फायबरच्या टाकीला तडे नाहीत आणि ती दाब सहन करते, याची खात्री करावी. व्हॉल्व्ह काढून टाकी आडवी करावी व जुने रेझिन पाण्याने बाहेर काढावे. हे मणी प्लास्टिकचे असल्याने शेतात किंवा नाल्यात टाकू नयेत, जाळूही नयेत.

टाकीच्या मध्यभागी उभी नळी व तिच्या तळाशी जाळी असते. जाळी फुटलेली असल्यास बदलावी. नळीचे वरचे तोंड चिकटपट्टीने बंद करून तळाशी सुमारे १० सेंटिमीटर धुतलेले बारीक गोटे आणि त्यावर लोहगाळणीचे माध्यम भरावे. मँगनीज डायऑक्साइडचा थर दिलेली वाळू यासाठी वापरली जाते. २५ सेंटिमीटर व्यासाच्या, सुमारे १३७ सेंटिमीटर उंचीच्या टाकीत साधारण ४० लिटर माध्यम मावते. वरची जागा रिकामी ठेवावी, कारण धुताना माध्यम फुगून वर येते. मिठाची टाकी काढून व्हॉल्व्हवरील तिचे तोंड बंद करावे.

खरी मेख बॅकवॉशची

गाळलेले लोह टाकीतच साचते. खालून वर जोरदार पाणी सोडून ते बाहेर काढावे लागते. यालाच बॅकवॉश म्हणतात. हलक्या रेझिनला वर सांगितलेल्या टाकीत मिनिटाला सुमारे १० लिटरचा प्रवाह पुरतो, तर मँगनीजयुक्त वाळूला सुमारे २५ लिटर लागतात. शुद्ध मँगनीज खनिजाचे दाणे वापरल्यास ही गरज ५० लिटरच्या पुढे जाते. सॉफ्टनरच्या सांडपाणी नळीतील प्रवाह रोखणारी चकती जुन्याच मापाची राहिली तर वाळू धुतली जात नाही आणि काही आठवड्यांत तिचे ढेकूळ बनते. रूपांतर फसण्याचे हे प्रमुख कारण आहे.

तपासणी सोपी आहे. १५ लिटरची बादली ३६ सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला २५ लिटर होतो. छतावरील टाकीचा दाब सहसा अपुरा पडतो, त्यामुळे पंप लागतो. वीज वारंवार जात असलेल्या गावी घड्याळावर चालणाऱ्या स्वयंचलित व्हॉल्व्हपेक्षा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बरा. दोन-तीन दिवसांतून एकदा दहा मिनिटे धुण्यास सुमारे २५० लिटर पाणी खर्च होते. उन्हाळी टंचाईत हा हिशेब आधीच करावा. लाल सांडपाणी विहिरीपासून दूर शोषखड्ड्यात सोडावे.

हवा आणि क्लोरीन

वाळूचे काम हलके करण्यासाठी पाणी आधी फवाऱ्यातून टाकीत पाडावे, म्हणजे हवेतील प्राणवायू लोहाचा गाळ करतो. पाणी आम्लधर्मी असल्यास ही क्रिया मंदावते. तेथे क्लोरीन उपयोगी पडते. लोहाच्या १ मिलीग्रॅमला सुमारे ०.६४ मिलीग्रॅम क्लोरीन लागते. लिटरला २ मिलीग्रॅम लोह असलेल्या १,००० लिटर पाण्यास, थोडे क्लोरीन शिल्लक राहावे हे धरून, ३० टक्के शक्तीची सुमारे ६ ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. साठवणीत पावडरीची शक्ती घटते. त्यामुळे तपासणी संचाने शेवटच्या नळाला लिटरला ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरते का, हे पाहावे.

पुरेसा प्रवाह नसलेल्या घरी हट्ट धरू नये. फवारा, गाळ बसण्यासाठी एक पिंप आणि भरड वाळूचे दुसरे पिंप ही साधी व्यवस्था पिण्यापुरत्या पाण्याला पुरेशी आहे. वरची वाळू मात्र वेळोवेळी काढून धुवावी लागते.

नितळ म्हणजे निर्धोक नव्हे

चंद्रपूर व गडचिरोलीच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळते. त्याला रंग नाही, चव नाही, वास नाही. लिटरला १ मिलीग्रॅम ही त्याची स्वीकारार्ह मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलीग्रॅमपर्यंत सूट आहे. त्याहून अधिक प्रमाणाचे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे व सांधे जखडतात. लोहगाळणीने फ्लोराइड जात नाही. लाल पाण्याच्या तिटकाऱ्याने पूर्वी टाळलेली कूपनलिका गाळणी बसवल्यावर निःशंकपणे वापरली जाते, धोका आहे तो येथे. अशा ठिकाणी नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत, आरओ यंत्र अथवा पिण्यासाठी स्वतंत्र स्रोत हाच मार्ग आहे.

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून गावपातळीवर तपासणी संचांचा वापर वाढला आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतही पाण्याचे नमुने तपासले जातात. माध्यम विकत घेण्यापूर्वी कच्च्या पाण्यातील लोह, जडपणा, आम्लता, फ्लोराइड, नायट्रेट व जिवाणू यांची तपासणी करावी. यंत्र बसल्यावर गाळलेल्या पाण्याची तपासणी पुन्हा करावी आणि त्यानंतर दर पावसाळ्यानंतर ती करीत राहावी. टाकी जुनी चालेल. पाण्याचा अहवाल मात्र ताजाच हवा.