पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहा

आम्ही वरठीच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईनं अंतर्गत कर्ज मागितलं. तिला कुत्र्याचं मादी पिल्लू घ्यायचं होतं, लॅब्राडॉर आणि पूडल या दोन जातींच्या संकराचं. विकणाऱ्यानं तिला सांगितलं होतं, "केस गळत नाहीत, आजारी पडत नाही, पुढं पिल्लं विकून पैसे वसूल." आम्ही ठराव केला, सगळ्यांनी सह्या केल्या. भंडारा रोड स्टेशनवर पिल्लू टोपलीतून उतरलं. जेमतेम महिन्याचं असेल. आठव्या दिवशी रक्ताची हगवण लागून ते गेलं. कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहिले.

चूक एकट्या ताईची नव्हती. आमच्यापैकी एकीनंही काही विचारलं नव्हतं. मग आम्ही ही जात आली कुठून, ते शोधायला बसलो.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात अंध माणसांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी एक संस्था आहे. वॉली कॉनरन तिथे पैदाशीचं काम पाहत. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईनं त्यांच्याकडे कुत्रा मागितला, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून कॉनरन यांनी आधी बरेच पूडल तपासले. ते या कामाला जमेनात. मग १९८९च्या सुमारास त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तर त्रास न देणारं पिल्लू एकच निघालं!

उरलेली दोन पिल्लं सांभाळायला कुणी तयार होईना. लोकांना शुद्ध जातीचा कुत्रा हवा होता. तेव्हा कॉनरन यांनी नाव दिलं, 'लॅब्राडूडल', आणि वर्तमानपत्रांना कळवलं. पिल्लं तीच होती, नाव तेवढं नवं. पण आता मागणीचे फोन थांबेनात. मग जो तो कशाचाही संकर करून विकू लागला. २०१९ साली कॉनरन यांनी ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या प्रसारण संस्थेशी बोलताना या कामाचा पश्चात्ताप बोलून दाखवला.

एका वेतातली तीन पिल्लं वेगवेगळी कशी, हे धान पिकवणाऱ्या बाईला सांगायला नको. संकरित धानाचं घरचं बी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं, तर बांधीत एक रोप उंच, एक बुटकं. संकरित कुत्रीच्या पिल्लांचंही तसंच होतं. काही लॅब्राडॉरवर जातात, काही पूडलवर. म्हणजे आमची ताई त्या कुत्रीची पिल्लं विकणार होती, ती कशी निघतील हे कुणालाच सांगता आलं नसतं.

ॲलर्जीचा दावाही टिकत नाही. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०११मध्ये घरांतली धूळ तपासली. 'ॲलर्जी न करणारे' कुत्रे असलेल्या घरांत ॲलर्जी करणारा घटक कमी आढळला नाही. संकरित कुत्रा आजारी पडत नाही, हेही पूर्ण खरं नाही. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजनं २०२४मध्ये पूडलच्या तीन संकरांचा अभ्यास केला. बहुतेक आजारांत त्यांच्यात आणि मूळ जातींत फरक दिसला नाही.

संकर वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. आपल्या राज्यात मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ संस्था काढली आणि संकरित गाई शेतकऱ्याच्या गोठ्यात पोचवल्या. पण तिथे रेतनाच्या नळीवर वळूचा क्रमांक असतो. बाप कोण, हे कळतं. टोपलीतल्या पिल्लाचं काय कळणार?

कायदाही आहे. २०१७च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यानं राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांच्या आतल्या कुत्रीपासून पैदास करता येत नाही. आमचं पिल्लू विकलं गेलं तेच नियम मोडून, हे आम्हाला उशिरा कळलं.

म्हणून आता गटाचा ठराव असा आहे. जनावर कुठलंही असो, घेणारीनं आधी स्वतः जाऊन त्याची आई पाहायची. खाण तशी माती, हे आपण सोयरीक करताना विसरत नाही, मग इथे का विसरायचं? कुत्रा असेल तर विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, पिल्लाची जन्मतारीख आणि लसीचं कार्ड मागायचं. पैसे देण्याआधी पिल्लू पशुवैद्यकाला दाखवायचं. यातलं एक जरी नाही मिळालं, तरी कर्ज नाही.

त्या ताईचं व्याज गटानं माफ केलं. मुद्दल ती फेडते आहे. आता तिच्या दारात गल्लीतलीच एक कुत्री असते. तिला रेबीजची लस दिली आहे आणि तिची नसबंदीही झाली आहे. रात्री कुणी अनोळखी आलं, की पहिली तीच भुंकते.