ज्येष्ठांचे व्यक्तिचित्र: बैठकीची तयारी

घरातले वडीलधारे गेले की भिंतीवर लावायला फोटो शोधला जातो आणि बहुधा लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला धूसर चेहराच हाती लागतो. राजा दीनदयाळ यांनी १८७४च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला तो आपल्या इंदूरमध्ये, बांधकाम खात्यात नोकरी करताना. त्या गावात तरी ही उणीव राहू नये, असे आम्हांला वाटते.

आधी: फोन करून वेळ ठरवावी. नाश्ता, औषधे झाल्यावर सकाळी दहाची वेळ बरी. नऊवारी की सदरा-टोपी, हे ज्येष्ठांनीच ठरवावे.

प्रकाश: फ्लॅश नको. उत्तरेकडच्या खिडकीजवळ खुर्ची तिरकी ठेवावी. भिंत चार फूट मागे असावी. सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरली की सुरकुत्या सौम्य दिसतात.

कॅमेरा: डोळ्यांच्या उंचीवर धरून जवळच्या डोळ्यावर फोकस करावा. ८५ मिमीची लेन्स उत्तम. मोबाइल असेल तर दुप्पट झूम करून दोन पावले मागे सरावे. फार जवळून नाक मोठे दिसते. चष्मा चकाकला तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावे.

बोलणे: ‘हसा’ म्हणू नये. जुन्या वाड्याचा विषय काढावा. बोलता बोलता माणूस क्षणभर थांबतो, तेव्हा बटण दाबावे. वीस मिनिटांत आटोपावे.

नंतर: फोटो त्यांना दाखवून पसंतीचाच छापावा. मागे नाव आणि तारीख लिहावी. पहिली प्रत त्यांच्याच हाती द्यावी. हा फोटो आधी त्यांनी पाहायचा आहे.