तेहतीस फुटांची साखळी

मोजणीचं जुनं टिपण उलगडण्याआधी हात कोरडे करायचे, हे वरिष्ठांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. कागद घड्यांवर विरलेला असतो. त्यावर शेताची हातानं काढलेली आकृती, मधून एक लांब पाया, पायावर दोन्ही अंगांनी टाकलेले लंब, आणि प्रत्येक रेघेपाशी दोन आकडे: साखळ्या आणि आणे. शेजारी मोडीत चार शब्द. आकृती प्रमाणात नसते. लांबट शेत टिपणावर फुगीर दिसतं. आकडे मात्र खरे.

भूकरमापक म्हणून माझी सगळी नोकरी या आकड्यांच्या भरवशावर झाली. आता निवृत्तीनंतर तेच नकाशे मी संगणकावर, जीआयएसमध्ये चढवतो. शिकायला येणाऱ्या मुलांना वाटतं, नकाशाच्या तुकड्याला माहिती जोडणं, थरावर थर ठेवून हिशेब मांडणं हे सगळं उपग्रहांबरोबर आलं. मी त्यांना इंदापूर तालुक्यात घेऊन जातो, कारण ही रीत तिथल्या शिवारात रुजली.

जमीन त्याआधीही मोजली जात होतीच. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे भागात नवी मोजणी करवली. निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा, हे त्याचं गणित कागदावर नेटकं होतं. पण मोजणीत चुका राहिल्या, सारा डोईजड झाला आणि इंदापुरात माणसं जमिनी टाकून निघून गेली. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि त्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात नव्यानं काम सुरू केलं. १८३६ पासून तिथं तीस वर्षांच्या मुदतीचा सारा ठरला. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालानं ही पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यासाठी बांधून दिली.

त्या पद्धतीचा कणा म्हणजे तेहतीस फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे आणा. रुपयाचे आणे ज्याला कळत होते त्याला साखळीचे आणे वेगळे शिकवावे लागले नाहीत. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताचा एक त्रिकोण घ्या: पाया दहा साखळ्या, लंब चार साखळ्या. दहा चोक चाळीस, त्याचे निम्मे वीस, म्हणजे वीस गुंठे, अर्धा एकर. बांधावर बसून, तोंडी हिशेबानं. असे त्रिकोण आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या मोजून गुणाकार बुकात शेताचं क्षेत्र येई. आज मी पॉलिगॉन काढला की संगणक क्षणात क्षेत्र सांगतो. आतून तोही कोपऱ्यांच्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीजच घेत असतो.

पण मला खरा अचंबा वाटतो तो प्रतवारीचा. मोजणीदार गेला की प्रतवारी करणारा यायचा. तो शेताचे आपल्या वहीत सारखे चौकोन पाडायचा आणि चौकोनागणिक जमीन खणून पाहायचा. काळी माती पावणेदोन हात खोल लागली तर पहिला वर्ग, सोळा आणे. खोली कमी होत गेली की वर्ग उतरायचा. असे नऊ वर्ग, शेवटचा दोन आण्यांचा. मग दोष पाहायचे. चुनखडीचे खडे मिसळलेत का, वाळू आहे का, जमीन उताराची आहे का, पाण्यानं धुपते का. प्रत्येक दोषाला एक ठरलेली खूण आणि खुणेमागे एक वर्ग खाली. सगळ्या चौकोनांचे आणे मिळवायचे, सरासरी काढायची, ती शेताची प्रत. गावाचा दर हवापाणी आणि बाजारपेठेची जवळीक बघून आधीच ठरलेला असे. दराला आण्यांनी कमी करून क्षेत्रानं गुणलं की त्या शेताचा, म्हणजे त्या सर्व्हे नंबरचा, आकार (सारा) तयार.

जीआयएस शिकलेल्या कुणालाही हे वाचून ओळख पटेल. टिपण म्हणजे रेघांचा थर. प्रतवारीची वही म्हणजे चौकटींचा थर, ज्याला आपण रास्टर म्हणतो. दोषांच्या खुणा म्हणजे वजाबाकीचे भार. आणि या सगळ्याला सांधणारी किल्ली म्हणजे सर्व्हे नंबर, जो आकारबंदात, सातबाऱ्यावर आणि गावनकाशावर एकच असतो. हेतू साऱ्याच्या वसुलीचा होता, तो मी झाकत नाही. तरीही उन्हात चौकोनागणिक खड्डा घेऊन हातानं माती चाचपणाऱ्या कारकुनांचं काम मला थोर वाटतं. वहीतला प्रत्येक चौकोन कुणीतरी स्वतः वाकून पाहिलेला आहे.

या कामात माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो. एका गावाचा नकाशा स्कॅन करून मी सरळ संगणकात घेतला आणि नंबरांची क्षेत्रं काढली. एका शेतकऱ्याचा चार एकरांचा नंबर. तो पडद्याकडे बघून म्हणाला, “सायेब, माझं तीन गुंठं कुठं गेलं?” सातबारा बरोबर होता, वहिवाट बरोबर होती. आटला होता तो कागद. लांबीत शंभराला एक भाग आणि रुंदीतही एक, म्हणजे क्षेत्रात शंभराला दोन. १६० गुंठ्यांत तीन गुंठे आणि वर थोडं. नकाशाच्या चौकटीची लांबी मूळ मापाशी ताडून घ्यायची, हे मला माहीत असून मी केलं नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी टिपणाचे आकडे मांडतो आणि गावनकाशा फक्त जागा दाखवायला वापरतो. जुन्या गावनकाशावर एक इंच म्हणजे जमिनीवर ६६० फूट. अर्ध्या मिलिमीटरची रेघ तिथं तेरा फूट रुंद होते. तेरा फुटांच्या रेघेवर बांधाचा तंटा मिटत नसतो.

दोन गावांचे नकाशे शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते. शिवेवर ते कुठं एकमेकांवर चढतात, कुठं मधे फट पडते. गावं आपापली मोजलेली, सगळ्यांना एका चौकटीत बसवणारी जाळी तेव्हा साखळीवाल्याच्या हाती नव्हती. अशा वेळी मी तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तो दगड शोधायला जातो. उपग्रहांवरून जागा टिपणारा रोव्हर त्यावर उभा करतो, अक्षांश-रेखांश घेतो आणि तिन्ही नकाशे त्या एका बिंदूवर आणून बसवतो. दगड सापडला तर दिवस सार्थकी लागतो. कितीदा तो विहिरीच्या कट्ट्यात बसवलेला निघतो आणि मग जागा पुन्हा टिपणावरूनच काढावी लागते.

भीमेकाठची गावं चढवताना मात्र दगड शोधायला जाता येत नाही. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि तालुक्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पडद्यावर उपग्रहाचं चित्र ठेवून त्यावर मी जुन्या नंबरांचा थर टाकतो, तेव्हा निळ्या पाण्यावर काळ्या रेघा उमटतात. त्यांतले कितीतरी नंबर पहिल्या प्रतीचे, पावणेदोन हात काळ्या मातीचे. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आजूबाजूला गाळ वर येतो आणि लोक त्यात गाळपेर करतात. मागच्या वैशाखात मी छापलेला नकाशा घेऊन तिथं गेलो होतो. एका म्हातारबाबांना चष्मा सापडेना, तेव्हा त्यांनी नकाशा बाजूला ठेवला, देवळाकडे पाठ करून उभे राहिले आणि ओल्या गाळात पावलं टाकत पुढं गेले. एका जागी थांबून म्हणाले, “हितनं आमचा बांध.” मी रोव्हर लावला. टिपणावरून काढलेली हद्द त्यांच्या पायापासून चार फुटांवर आली.