बंदूक, कायदा आणि दादासाहेब मावळणकर

नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर एक पायरी लागते. तिचे नाव ‘जी. व्ही. मावळणकर नेमबाजी स्पर्धा’. देशभरातली मुले दरवर्षी या स्पर्धेत उतरतात, प्रमाणपत्र घेऊन घरी येतात, आणि त्यावर छापलेले हे मावळणकर कोण हे बहुतेकांना ठाऊक नसते. दिल्लीचे मावळणकर सभागृह पाहिलेल्यांपैकीही कितीजण सांगू शकतील, शंकाच आहे.

गणेश वासुदेव मावळणकर. जन्म २७ नोव्हेंबर १८८८, बडोद्याचा. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, पण आयुष्य गेले अहमदाबादेत. घरात मराठी, कचेरीत गुजराती, कोर्टात इंग्रजी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या घरांना हे काही नवीन नाही. वकिली केली, खेड्याच्या शेतकऱ्यांच्या लढ्यात गांधीजींबरोबर काम केले, तुरुंगात गेले, अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९३७ ते १९४६ मुंबई विधानसभेचे सभापती आणि १९५२ पासून स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे सभापती. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी ते गेले तेव्हाही ते त्याच पदावर होते. लोक त्यांना दादासाहेब म्हणत.

याच दादासाहेबांनी १९५१ साली ‘नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली आणि तिचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. खादी घालणारा, कस्तुरबा ट्रस्टचे काम पाहणारा माणूस आणि रायफल? हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रास्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींना मात्र सूट. तिकडे इंग्लंडात त्याच्या अठरा वर्षे आधी, २ जुलै १८६० रोजी, विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढून रायफलचा पहिला बार काढला होता आणि सामान्य नागरिकांनी नेमबाजी शिकावी म्हणून तिथल्या रायफल असोसिएशनच्या स्पर्धा सुरू झाल्या होत्या. म्हणजे राणीच्या देशात जो नागरिकाचा खेळ, तोच तिच्या वसाहतीत गुन्हा. आपल्याकडच्या तरुणांच्या हाती उरली लाठी, दांडपट्टा आणि तालीम. बंदूक चालवायला शिकणे हे चोरून करायचे काम झाले. पुढे १८९७ मध्ये पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तीही त्याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री.

या कायद्याचा राग फक्त क्रांतिकारकांना होता असे नाही. काँग्रेसने सुरुवातीच्या काळापासून त्याविरुद्ध ठराव केले. खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे पत्रक काढले तेव्हा, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा त्यांनी ब्रिटिशांच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणला होता. आत्मकथेत त्यांनी ते नमूदही केले आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांची जी यादी केली, तिच्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशकात भोसला मिलिटरी स्कूल काढले, त्यामागेही हीच सल होती. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात, हा मुद्दा मात्र त्या काळी सगळ्या पक्षांत सारखाच ठसठसत होता. तेव्हा खेड्याच्या लढ्यातून आलेल्या मावळणकरांना रायफलचे वावडे नव्हते, यात मला आता विसंगती दिसत नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मूलभूत हक्कांची चर्चा चालली असताना हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत हे सी. पी. अँड बेरारचे सदस्य, म्हणजे तेव्हा आपण ज्या प्रांतात होतो त्याच प्रांताचे. पुढे ते होशंगाबादेतून लोकसभेवर गेले. डॉ. आंबेडकरांनी ही दुरुस्ती मान्य केली नाही. सरसकट हक्क दिला तर तो चोर-दरोडेखोरांनाही मिळेल, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती पडली. महूला जन्मलेले बाबासाहेब आणि आपल्या प्रांताचे कामत, दोघांनीही इंग्रजांचा कायदा भोगलेला. तरी निष्कर्ष वेगळे. मला स्वतःला बाबासाहेबांचे पटते. नोकरीत निवडणुकीच्या कामावर जातो तेव्हा परवानाधारकांच्या बंदुका आधी ठाण्यात जमा होताना दरवेळी दिसतात, आणि त्या का जमा करून घेतात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

हक्क नाकारला, पण पोरांनी नेम धरायला शिकूच नये, असेही कुणी म्हटले नाही. १९४८ मध्येच पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रीय छात्रसेना, आपली एनसीसी, कायद्याने उभी राहिली. तीन वर्षांनी मावळणकरांची संस्था आली. १९५९ साली इंग्रजांचा कायदा जाऊन स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम झाला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. थोडक्यात, घरोघर बंदूक नाही, पण मैदानावर, उस्तादाच्या नजरेखाली, नियमाने चालवलेली बंदूक, ही वाट त्या पिढीने काढली. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परवाना नाही. प्रशिक्षणासाठी मात्र त्याहून लहान मुलांनाही नियमांत ठरवलेल्या वयाच्या आणि देखरेखीच्या अटींवर सराव करता येतो.

या वाटेने कोण कोण गेले ते पाहा. मुंबईची अंजली वेदपाठक, म्हणजे अंजली भागवत, कीर्ती कॉलेजात एनसीसीची कॅडेट होती. तिथून ती महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये संजय चक्रवर्ती सरांच्या हाताखाली आली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचली. भारतीय महिला नेमबाजाने ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठण्याची ती पहिली वेळ. सुमा शिरूर, दीपाली देशपांडे याच सरांच्या शिष्या. चक्रवर्ती सर २०२१ मध्ये करोनाने गेले. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. त्यांनी खेळाडूंच्या मनाचा अभ्यास हाती घेतला, आणि नेमबाजी हा हाताइतकाच श्वासाचा आणि चित्ताचा खेळ आहे हे मराठी मुलांना योगाच्या भाषेत शिकवले.

मग कोल्हापूर. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद जिंकले. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. कुस्तीच्या गावात रायफल कशी रुजली, याची कारणे अनेक सांगतात. माझ्या मते तालमीची शिस्त आणि वस्तादापुढे मान खाली घालण्याची सवय, हे मोठे कारण असावे. नेमबाजीत या दोन्हींचा उपयोग होतो.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शिक्षकाचा मुलगा. २००९ साली क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे मध्य रेल्वेत नोकरीला लागला, प्रशिक्षक दीपाली देशपांडे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सप्टेंबर २०२३ मध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचे सांघिक सुवर्ण भारताने १७६९ गुणांच्या विश्वविक्रमासह जिंकले. त्या संघात स्वप्नीलबरोबर अखिल श्योराण आणि आपल्या मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर होता. स्वप्नील आणि ऐश्वर्य, दोघांचे गुण अगदी सारखे, ५९१. एक महाराष्ट्राचा, एक मध्य प्रदेशाचा! वैयक्तिक अंतिम फेरीत स्वप्नील पुढे असताना एकच गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला, ऐश्वर्यला रौप्य. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसला तोच स्वप्नील ४५१.४ गुणांनी कांस्य घेऊन उभा राहिला. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक, आणि खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले पहिले वैयक्तिक पदक. बहात्तर वर्षे मध्ये गेली.

पॅरिसनंतर आपल्याकडेही मुले विचारू लागली आहेत. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा संत्र्याचा आणि कापसाचा मुलूख. इथे बंदूक म्हणजे रानडुकरांपासून पीक राखायला ठेवलेली भरमार, किंवा आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, गोष्टी उरल्या. नेम मात्र आपल्या हातात पिढ्यान्पिढ्या आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमारीला तो कशासाठी वापरला जातो ते मी वेगळे सांगत नाही. मुलांची हौस खरी आहे. आईबापांची भीतीही खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेऊ नये.

पण खऱ्या प्रशिक्षणात पहिला दिवस कसा जातो, ते पाहावे. पहिल्या दिवशी मुलाला छर्रा मिळतच नाही. आधी उभे कसे राहायचे, श्वास कसा सोडायचा, रिकाम्या रायफलचा चाप कसा हळुवार दाबायचा, एवढेच. रायफल हातात घेतली की ती भरलेलीच आहे असे समजायचे, मग कुणी कितीही शपथेवर सांगो. नळीचे तोंड कायम निशाण्याच्या दिशेने. बोलण्यासाठी मागे वळायचे असेल तर आधी रायफल खाली ठेवायची. डोळा निशाण्यावर लागेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. नळीतून भडक रंगाची एक दोरी घातलेली असते. ती दिसते तोवर रायफल रिकामी आहे हे लांबूनही कळते. ‘स्टॉप’ म्हटले की थांबायचे, दहावी गोळी असो की शेवटची. निशाणा पाहायला कुणी पुढे गेले असेल तर रायफलीला स्पर्शसुद्धा नाही. एनसीसीत आम्हाला पॉइंट टू-टूच्या मोजक्या गोळ्या मिळायच्या, पण त्याआधी आणि नंतर ‘खाली कर’ आणि ‘जाँच शस्त्र’ इतक्या वेळा व्हायचे की गोळ्यांपेक्षा तेच जास्त लक्षात राहिले.

धोका रेंजवर कमी, घरात जास्त. मेळ्यातून आणलेली छर्ऱ्याची बंदूक हे खेळणे नव्हे. साडेचार मिलिमीटरचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. ती अंगणात पोरांच्या हाती देऊन मोठ्यांनी आत चहा प्यायला जाऊ नये. आजोबांची भरमार माळ्यावर असेल आणि परवानाधारक आता हयात नसेल, तर ती ‘आठवण’ म्हणून ठेवता येत नाही. वारसांनी ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि हवी असल्यास आपल्या नावाने रीतसर अर्ज करायचा. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात नसते.

मध्य प्रदेशात सोयी नाहीत असे म्हणता येणार नाही. महूला लष्कराचे मार्क्समनशिप युनिट आहे; लंडनच्या २०१२ ऑलिंपिकचा रौप्यविजेता विजयकुमार तिथलाच. भोपाळला राज्य सरकारची नेमबाजी अकादमी आहे, ऐश्वर्य तिथेच घडला. पण सौंसरच्या पोराला भोपाळ लांब पडते आणि नागपूर जवळ असले तरी दुसऱ्या राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ तिकडे गेला आणि छिंदवाडा इकडे राहिला, तेव्हापासूनचे हे दुखणे खेळातही आहे. मुलाने कोणत्या राज्याकडून उतरायचे, हा प्रश्न दहावीच्या आतच येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे त्याची क्रीडा संघटना, त्याच्या जिल्हा स्पर्धा, या गोष्टी आज ना उद्या उभ्या राहतील. त्यात नेमबाजी असावी असे ज्यांना वाटते, त्यांनी आत्ताच राज्य रायफल संघटनेकडे रीतसर विचारणा करावी.

एअर रायफलला जागा फार लागत नाही. माझा डिप्लोमा बांधकामाचा, म्हणून एवढे सांगतो. गोळी झाडण्याच्या रेषेपासून निशाण्यापर्यंत दहा मीटर, नेमबाजांच्या मागे उभे राहायला आणि वावरायला आणखी तीन-चार मीटर. निशाण्यांच्या मागची भिंत भरीव हवी, तिच्यापुढे छर्रा अडवून खाली पाडणारा पत्रा हवा, बाजूला खिडक्या असतील तर त्या बंद करायच्या. उजेड निशाण्यावर पडला पाहिजे, डोळ्यांवर नाही. आणि खोलीचे दार नेमबाजांच्या पाठीमागे हवे. निशाण्याकडच्या बाजूला एखादे जुने दार असेल तर कुलूप लावून भागणार नाही, ते विटांनी बुजवून टाकायचे.