डीमॉझचा संपादक व्हायचं तर : एका अर्जाचा इतिहास

आपण मशीन लर्निंगच्या पेपरमध्ये ‘लेबल्ड डेटा’ हा शब्द अगदी सहज वाचून पुढे जातो. पण ही लेबलं लावली कोणी? आणि त्या माणसाला तो अधिकार दिला कोणी? याचं एक छान उदाहरण म्हणजे डीमॉझ.

1990 च्या दशकात याहूची डिरेक्टरी पगारी माणसं तयार करत. वेब इतक्या वेगाने वाढत होता की ती माणसं पुरेनात. जून 1998 मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी यावर उपाय म्हणून स्वयंसेवकांची डिरेक्टरी सुरू केली. आधी ग्नूहू, मग न्यूहू असं तिचं नाव होतं. त्याच वर्षी नेटस्केपने ती घेतली आणि ती ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ झाली. ‘डिरेक्टरी डॉट मोझिला’ या पत्त्यावरून डीमॉझ हे टोपणनाव पडलं.

‘ओपन’ म्हणजे कोणीही यावं आणि काहीही लिहावं, असं मात्र नव्हतं. आधी अर्ज करावा लागे. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

पहिली, वर्ग निवडणं. नवख्याने छोटा, कमी साइट्स असलेला वर्ग मागावा अशी अपेक्षा असे. थेट मोठा वर्ग मागितला तर नकाराची शक्यता जास्त.

दुसरी, नमुना. त्या वर्गात बसतील अशा दोन-तीन साइट्स शोधून प्रत्येकीचं शीर्षक आणि छोटं वर्णन लिहायचं. ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्त’ असले जाहिराती शब्द चालत नसत. साइटवर काय आहे तेवढंच सांगायचं.

तिसरी, हितसंबंध. तुमचा कोणत्या साइट्सशी संबंध आहे ते सांगायचं. स्वतःची साइट असणं हा गुन्हा नव्हता, पण ती लपवणं, तिला झुकतं माप देणं किंवा स्पर्धकाला अडवणं चालत नसे.

अर्ज तपासायचे ते मेटा-संपादक, म्हणजे अनुभवी स्वयंसेवकच. एवढी काटेकोर तपासणी का? कारण 2000 पासून गूगलची स्वतःची डिरेक्टरी याच डेटावर उभी होती. इथली एक नोंद म्हणजे धंद्याला फायदा. त्यामुळे संपादकपदावर व्यापारी डोळा असणारच!

या चाळणीची किंमतही होती. वेब वाढत राहिला, तपासणीची वाट पाहणाऱ्या साइट्स साचत गेल्या आणि पक्षपाताच्या तक्रारी होतच राहिल्या. दुसरीकडे शोधयंत्रं सुधारली. मार्च 2017 मध्ये डीमॉझ बंद झालं. तेव्हा त्यात 38 लाखांच्या आसपास साइट्स आणि 10 लाखांहून अधिक वर्ग होते. एवढ्या वर्षांत 90 हजारांहून अधिक संपादकांनी त्यावर काम केलं होतं. पुढे त्याच परंपरेतून कर्ली ही डिरेक्टरी उभी राहिली.

आता संशोधनाचा मुद्दा. डीमॉझचा डेटा मोफत मिळायचा, त्यामुळे वेबपानांच्या वर्गीकरणावरच्या अनेक अभ्यासांत तो ‘खरं उत्तर’ म्हणून वापरला गेला. पण ते खरं उत्तर म्हणजे कोणा स्वयंसेवकाचा निर्णय होता. ज्या विषयाला उत्साही संपादक मिळाला तो भरला, ज्याला नाही मिळाला तो ओसाड राहिला. म्हणजे एखाद्या वर्गात साइट्स कमी दिसल्या तर वेबवर त्या कमीच होत्या, असा निष्कर्ष काढता येत नाही.

तेव्हा कोणताही डेटासेट हातात घेतलात की त्याचा आकार बघण्याआधी हे विचारा : लेबल लावणारे कोण होते, त्यांची निवड कशी झाली आणि त्यांनी कोणते हितसंबंध जाहीर केले? तुमच्या प्रबंधाच्या ‘मर्यादा’ या भागातला निम्मा मजकूर तिथेच सापडेल.