सर्पगंधेची मुळी आणि मुंबईचे डॉ. वकील

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचा लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते डॉ. रुस्तम जाल वकील. सर्पगंधेची मुळी दिल्यावर उच्च रक्तदाबाचे काय होते, याच्या ५० रुग्णांवरील नोंदी त्यात होत्या. बहुतेकांचा दाब उतरला होता.

मुळी नवी नव्हती. १९३१ मध्येच कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या या गुणाविषयी लिहिले होते. परंतु परदेशात त्याची दखल फारशी घेतली गेली नाही. वकिलांचा लेख मात्र बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांच्यापर्यंत पोहोचला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून ‘रेसर्पिन’ वेगळे काढले. कीर्ती बहुतांशी त्या शुद्ध द्रव्याच्या वाट्याला आली.

दाब का उतरतो, हे १९४९ मध्ये कोणालाच सांगता येत नव्हते. उत्तर दडले होते केसाहून बारीक अशा धमनिकांत. त्यांच्या भिंतीत स्नायूंची वलये असतात. मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत नॉरॲड्रिनॅलिन साठवलेले असते. ते बाहेर पडले की वलये आवळतात आणि वाट अरुंद होते. रेसर्पिन या पिशव्या पुन्हा भरूच देत नाही. साठा हळूहळू सरतो, आवळण्याचा हुकूम स्नायूपर्यंत जात नाही आणि धमनिका सैलावते. म्हणूनच हा परिणाम तासाभरात नव्हे, दिवसांनी दिसतो.

फरक किती? त्रिज्या केवळ १० टक्के वाढली, तर प्रवाहाला होणारा विरोध जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. एवढ्याशा रुंदीवर एवढा मोठा भार!

रेसर्पिनने आवळण्याचा संदेश मुका केला. रुंदावण्याचा स्वतंत्र संदेश असतो, हे पुढे कळले. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवले की रक्तवाहिनीचे आतील अस्तरच स्नायूला सैल होण्यास सांगते. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू. त्यावरील कार्यास १९९८ चे नोबेल मिळाले.

वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. तोवर रेसर्पिनची दुसरी बाजूही पुढे येऊ लागली होती. मेंदूतल्या पिशव्याही ते रिकाम्या करते. काही रुग्णांना खोल खिन्नता आल्याच्या नोंदी झाल्या. पुढे नवी औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले.