सिंगापूर १९१५: ४७ भारतीय शिपायांना भर गर्दीत गोळ्या का घातल्या गेल्या?

मार्च १९१५. सिंगापूरच्या आउटराम तुरुंगाच्या भिंतीपाशी ब्रिटिशांच्याच सैन्यातले भारतीय शिपाई उभे केले गेले. बघायला सुमारे १५ हजार लोक जमले होते. गोळ्या झाडणाऱ्यांमध्ये स्थानिक स्वयंसेवक दलातले लोक होते, म्हणजे एरवी नोकरी-धंदा करणारे.

हे शिपाई 'पाचवी लाइट इन्फन्ट्री' या पलटणीचे. बहुतेक आजच्या हरियाणाकडचे मुस्लिम.

बंड का झालं?

नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला. तिथला सुलतान म्हणजे खलिफा. आपल्याला त्याच्याशी लढायला नेणार, अशी कुजबुज पलटणीत सुरू झाली.

ही भीती हवेतली नव्हती. आज हिंगोली जिल्ह्यात असलेलं कुरुंदा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि त्या राज्याचं घोडदळ खरंच इजिप्तला, तुर्कांसमोर गेलं होतं. खुद्द निजामाने मुस्लिमांना ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहायला सांगितलं होतं.

सिंगापूरची पलटण मात्र हाँगकाँगला जाणार होती. १५ फेब्रुवारीला सकाळी निरोपाचं संचलन झालं, पण भाषणात ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने हाँगकाँगचं नावच घेतलं नाही. एवढं एक नाव घेतलं असतं तर? त्याच दुपारी जवळपास निम्मी पलटण उठली. ४०हून अधिक माणसं मारली गेली, त्यात सामान्य नागरिकही होते. बंड मोडायला जपानी, फ्रेंच आणि रशियन खलाशी उतरवावे लागले.

मराठी धागा

त्याच आठवड्यात गदर पक्ष भारतातल्या छावण्यांमध्ये उठाव घडवणार होता. त्यात पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. मार्चमध्ये मेरठच्या छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ला लाहोरला फाशी गेले. गदरचा प्रचार सिंगापुरातही पोहोचला होता. बंडामागे त्याचा वाटा किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

पुढे काय झालं?

लष्करी न्यायालयात २००हून अधिक जणांवर खटले चालले. ४७ जणांना मृत्युदंड, ६४ जणांना जन्मठेप, ७३ जणांना ७ ते २० वर्षांची कैद. उरलेल्या शिपायांना त्याच वर्षी आफ्रिकेत लढायला पाठवलं. १९२२ मध्ये पलटणच बरखास्त झाली.

ब्रिटनने २००६ मध्ये कायदा करून पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी मारलेल्या आपल्या सैनिकांना माफी दिली. त्या कायद्यात १९११च्या भारतीय सैन्य कायद्याखालचे काही गुन्हेही येतात. मात्र माफी दिली तरी मूळ दोषसिद्धी आणि शिक्षा कायम राहते, असं त्यातच लिहिलेलं आहे.